रिबेकाचे शोकमणी

१

डबी होती तिथेच होती. आतली माळ तेवढी नव्हती.

नोराबाई व्हिटकोम यांनी ती रिकामी डबी धम्मशीलाच्या पुढ्यात अशी सरकवली, की चोरी जणू तिनेच केली होती. निळ्या मखमलीवर माळेच्या वेटोळ्याचा वळ अजून दिसत होता.

"पाच पिढ्या जपली," नोराबाई म्हणाल्या, "आणि रविवारच्या चहाला गेली. घरात आम्ही पाचजण होतो. त्यातले चार माझ्या होऊ घातलेल्या सोयरिकीतले, म्हणजे माझा मुलगा धरून."

धम्मशीला गजभिये पोलीस नव्हती. लोकांचे हरवलेले पूर्वज शोधून देणं हा तिचा पेशा. लेस्टरला राहणाऱ्या तिच्या वडिलांना, दादासाहेबांना, हा धंदा मुळीच पसंत नव्हता. "ज्या कुळाच्या चौकश्यांनी आपल्या दहा पिढ्या गावाबाहेर ठेवल्या, त्याच चौकश्या तू पोटासाठी करतेस," असं ते म्हणत आणि वर तिच्याच पैशांचा चहा पीत. तिला ते लागायचं. म्हणूनच की काय, ती कुठे फार वेळ टेकत नसे. आत्ताही साउथहॅम्प्टनच्या त्या उबदार बैठकीत ती खिडकीपाशी उभी होती.

नोराबाईंची एक पूर्वज तिला दोन वर्षं पुरून उरली होती. रिबेका रो-कार. स्पेलिंगमध्ये 'केर' दिसतं, पण म्हणायचं 'कार', स्कॉटलंडची जुनी मोठी घराणी तसंच म्हणतात, हे नोराबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. ही रिबेका काखेत तान्ही मुलगी घेऊन, विधवा म्हणून, नाताळला उतरली. नाताळ म्हणजे सण नव्हे, दक्षिण आफ्रिकेतली इंग्रजांची जुनी वसाहत. तिथे तिने खाणावळ चालवली, लेक वाढवली आणि तिथेच ती मेली. तिच्या लेकीची लेक, तिची लेक, असं करत वंश नोराबाईंपर्यंत आला. पण त्या जहाजात चढण्याआधी रिबेका कोण होती, हे स्कॉटलंडमधल्या एकाही कार घराण्याला ठाऊक नव्हतं.

"बाई मोठी धार्मिक होती," नोराबाई सांगत. "शनिवारी चूल पेटवायची नाही. आमच्या आजीपर्यंत शनिवारी घरात थंडच जेवण. कडक स्कॉटिश वळण!"

स्कॉटिश वळण रविवारी कडक असतं, हे तेव्हाच धम्मशीलाच्या मनात आलं होतं. पण पैसे देणाऱ्याच्या आजीला कोण खोटं पाडणार?

"आणि ही माळ तिची?"

"शोकमणी. नवऱ्याच्या शोकात त्या काळी काळे मणी घालत. आमच्याकडच्या बायका ते फक्त प्रेतयात्रेला घालतात. माझे यजमान गेले तेव्हा मीही घातले." नोराबाईंचा आवाज जरा ओला झाला. "मला वाटलं, आता पुरे झाला शोक. पुढच्या आठवड्यात ओवेनचं लग्न आहे. माळ तोडून मणी सुटे करावे आणि होणाऱ्या सुनेला, शिराला, कानातले करून द्यावेत. सगळ्यांसमोर मी कात्री उचलली…"

"आणि?"

"आणि कोणीतरी ओरडलं."

२

ओवेन आणि शिरा दोघंही तिथल्याच हॉस्पिटलात कामाला. तो फिजिओथेरपिस्ट, ती डॉक्टर. कॅन्टीनमध्ये दोघं समोरासमोर बसले होते, पण मधल्या ट्रेवर भांडण मांडून ठेवल्यासारखे. ओवेन उंच, केस काळेभोर, आणि उन्हाळा नसतानाही उन्हात रापल्यासारखा दिसे. नाताळचं ऊन पाच पिढ्या उतरत नाही म्हणजे कमालच.

शिराचे आईवडील मुंबईचे, बेने इस्राएल. म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेले मराठी यहुदी. आईच्या धाकाने शिरा मराठी बोलायची, पण इंग्लंडात वाढलेली. लिंगाचं आणि तिचं कधी जमलंच नाही. जगातली प्रत्येक वस्तू तिच्या लेखी पुल्लिंगी.

"धम्मशीलाताई, माळ गेला, ओके. पण त्यासाठी माझा आईवर डाउट? ऑनेस्टली!"

"कोणी घेतला डाउट?"

"नोराने तोंडाने नाही बोलली. पण फोन केला आणि विचारलं, तुझ्या मामाने गोल्ड खरं आहे का असं का विचारलं? हाऊ डेअर शी!"

मामा म्हणजे हिलेल, शिराच्या आईचा भाऊ. जन्मभर क्रॉयडनमध्ये जुन्या वस्तूंचं दुकान चालवलेला माणूस. सोनं दिसलं की विचारणारच.

"मणी काळे ना? मग सोनं कुठलं?" धम्मशीलाने विचारलं.

"मध्ये काहीतरी छोटा छोटा होता गोल्डचा. मी नीट बघितला नाही. मला ते क्रीपी वाटत होता. लग्नात फ्युनरलचा ज्वेलरी कोण घालतं?" शिराने जीभ चावली. आपणच आपल्याविरुद्ध साक्ष दिली हे तिच्या ध्यानात आलं असावं.

ओवेन कसनुसं हसला. "तसं पाहिलं तर माझ्यावरही संशय घ्या. आईच्या त्या रिबेकाचा मला कंटाळा आलाय. मेलेल्या बाईला आई रोज शोधते. जिवंत बाई मला सासू म्हणून मिळायला तयार नाही, तिचं कोणी बघत नाही."

खरं दुखणं ते होतं. शिराची आई, बेलाताई, लग्नाला यायचं नाही म्हणत होत्या. पोरगा चांगला आहे, पण आपला नाही. त्यांच्यात जात आईवरून धरतात. आई यहुदी तर मूल यहुदी. बाप कोणी का असेना. रविवारचा चहा म्हणजे शेवटचा प्रयत्न होता, आणि त्यातच ही चोरी.

"ममा नाही आला तर मी लग्न करणार," शिरा म्हणाली, "पण मला ते लग्न वाटणारच नाही." तिचे डोळे भरून आले आणि ती रागाने नॅपकिन शोधू लागली.

"कात्री उचलल्यावर ओरडलं कोण?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ममा," शिरा हळूच म्हणाली. "म्हणाली चहा सांडला हातावर. सांडला होता, खरंच. त्या गडबडीत सगळे किचनमध्ये. मग नोराने निरोप घेताना ममाचा हात हातात घेतला, ती तिचं ते करते ना, हात सोडून मग स्वतःची बोटं किस करते. ममा एकदम पांढरा पडली. ट्रेनमध्ये एक शब्द नाही बोलली. आणि तेव्हापासून माझा फोन घेत नाही."

३

क्रॉयडनच्या त्या फ्लॅटखालून ट्राम जाते आणि दर वेळी कपाटातल्या बश्या किणकिणतात. दार हिलेलमामांनी उघडलं.

"या, या. चोर पकडायला आलात ना? मीच तो. वय झालंय, पळवत नाही, तेव्हा आरामात पकडा." मग धम्मशीलाच्या हातातल्या फायलीवरचं नाव त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "रोवे केर! अरे वा. रोजचा केर काढणारी का?"

"कार म्हणायचं, मामा."

"लिहायचं केर आणि म्हणायचं कार? इंग्रजांची ही जुनी खोड. आपलं नाव बिघडवतात, स्वतःचंही धड ठेवत नाहीत."

बेलाताई सोफ्यावर बसल्या होत्या. हीटिंग इतकं चढवलेलं की धम्मशीलाने कोट काढला, कार्डिगनही काढलं. बेलाताईंनी मात्र गळ्याभोवती लोकरीचा स्कार्फ घट्ट लपेटला होता.

"थंडी वाजतेय का, बेलाताई?"

"घसा धरलाय."

घसा मात्र खणखणीत होता. मुंबईच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं मराठी शिकवलं होतं. निवृत्त शिक्षकाचा घसा सगळ्यात शेवटी निवृत्त होतो.

शिरा पाठोपाठ येऊन पोचलीच. साउथहॅम्प्टनहून एकाच गाडीने आल्या होत्या दोघी, पण खाली उभं राहून तिने धीर गोळा केला होता. आत येताच तिने तोंड सोडलं. "ममा, प्लीज. माळ चोरीला गेला आणि तू फोन उचलत नाहीस, कसा दिसतं ते?"

"गेली," बेलाताई म्हणाल्या. "माळ गेला नाही गं, गेली. ती माळ. किती वर्षं सांगतेय. आणि कसं दिसतं."

"ममा!"

"भाषा आहे ती. कोणी मेलं तरी बिघडवायची नाही."

हिलेलमामा हसले. धम्मशीलालाही हसू आलं, पण तिने प्रश्न सोडला नाही. "बेलाताई, तुम्ही ती माळ जवळून पाहिली होती का?"

"छे. मी कशाला बघू? मी टेबलाच्या या टोकाला, नोराबाई त्या टोकाला. जुनं होतं एवढं कळलं. दोरा पार विरलेला. पण पुन्हा ओवलेलं होतं कोणीतरी, जाड इंग्लिश दोऱ्यात." त्यांचा हात स्कार्फकडे गेला आणि खाली आला. "बाकी मला काही माहीत नाही. शिरा, तू जा आता. लग्न कर, सुखी राहा. मला यात ओढू नकोस."

शिरा उभीच राहिली. मग कोटाचं बटण लावता लावता म्हणाली, "ममा, नोराला वाटतं माळ आपल्यापैकी कोणीतरी घेतला. तू सांग, असं काही नाही. फक्त एवढं सांग. मी विश्वास ठेवीन."

बेलाताई खालून जाणाऱ्या ट्रामकडे बघत राहिल्या. एवढं साधं वाक्य, पण ते त्यांनी उच्चारलं नाही.

४

धम्मशीला जिना उतरून ट्राममध्ये बसली, दुसऱ्याच थांब्यावर उतरली आणि फलाटावर येरझाऱ्या घालू लागली. बेलाताई काहीतरी लपवत होत्या हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काय लपवत होत्या आणि का, ते मात्र कळत नव्हतं. सोन्याचा मोह? त्या घरात तसली हाव नव्हती. लग्न मोडायचं होतं? मग चोरी कशाला, त्यांचा नकार पुरेसा होता.

फोन वाजला. दादासाहेब.

"जय भीम. जेवलीस का? सकाळी धावतपळत गेलीस ते काय हरवलं होतं, सापडलं का ते?"

"ते नाही हो दादा, ती. माळ आहे."

"मला काय ठाऊक माळ का टाळ! तू सांगितलंस कुठे? माणसाला वस्तूच माहीत नसेल तर 'ते'च म्हणणार."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि जागच्या जागी थिजली.

दादांना वस्तू माहीत नव्हती, म्हणून ते 'सापडलं' म्हणाले. बेलाताईंना माहीत होती. माळ गेली, गेला नव्हे, म्हणून त्यांनी पोटच्या पोरीला त्या हळव्या क्षणीही सुधारलं होतं. आणि त्याच बेलाताई लगेच म्हणाल्या, जुनं होतं. पुन्हा ओवलेलं होतं. वर्षानुवर्षं मराठी शिकवलेली बाई. जुनी होती नाही, जुना होता नाही. जुनं होतं!

शिराची चूक असती तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण बेलाताई लिंगात चुकत नसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे माळ नव्हती, हार नव्हता. काळ्या मण्यांचं, मध्ये सोन्याचं छोटंसं काही असलेलं, गळ्यात घालायचं आणि नपुंसकलिंगी असं मराठीत आहे काय? डोरलं म्हणा, नाहीतर मंगळसूत्र म्हणा. बेने इस्राएल बायकाही ते घालतात.

धम्मशीलाने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षं ती नोराबाईंच्या शब्दावर 'शोकमणी' असं मांडत आली होती, एकदाही डबी उघडून पाहायला न मागता. इंग्रजांच्या देशात काळे मणी म्हणजे शोक. आपल्याकडे काळे मणी म्हणजे नवरा जिवंत आहे!

मग उरलेलं सगळं आपणहून जागेवर बसू लागलं. शनिवारी न पेटणारी चूल, कारण यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र वार शनिवार. हात हातात घेऊन मग आपलीच बोटं ओठांना लावायची रीत, जी पाहून बेलाताई पांढऱ्याफटक पडल्या, कारण ती त्यांच्याच घरची रीत असणार. आणि हिलेलमामांचा तो 'केर'. कार नाही, केर नाही. कर! रोह्याची बाई बंदरावरच्या कारकुनाला आपलं आडनाव सांगते, रोहेकर. तो कानाला ऐकू आलं तसं लिहितो, रो-केर. आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं तिची लेकरं स्कॉटलंडमध्ये हुडकत बसतात.

"दादा," ती म्हणाली, "फोन ठेवते. तुमच्यामुळे एक रोहेकरीण सापडली."

"कोणत्या कुळातली?" दादासाहेबांनी खोचकपणे विचारलं. पण ती तोवर उलट्या दिशेच्या ट्राममध्ये चढली होती.

५

या वेळी दार बेलाताईंनीच उघडलं. मागे शिरा होती, अजून कोट घालूनच. मायलेकी रडल्या होत्या, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

"बेलाताई," धम्मशीला उंबरठ्यावरूनच म्हणाली, "मंगळसूत्र तोडताना तुमच्याने बघवलं नाही, हो ना?"

बेलाताईंनी सावकाश स्कार्फ सोडला.

ते त्यांच्या गळ्यात होतं. दोन पदरी काळे मणी आणि मध्ये सोन्याच्या दोन इवल्या वाट्या.

"ममा…" शिरा एक पाऊल पुढे आली.

"तुझे डॅडी गेले त्या दिवशी माझं उतरवलं," बेलाताई म्हणाल्या. "मला हे घालायचा हक्क नाही. पण पर्समध्ये नाण्यांबरोबर टाकवेना. सगळे किचनमध्ये गेले तेव्हा उचललं आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून गळ्यात घातलं, वर स्कार्फ. वेडी म्हणा मला. पण लग्नाच्या तोंडावर नवऱ्यामुलाच्या घरात मंगळसूत्राला कात्री लावतात का? त्या बिचारीला काय माहीत, ती काय तोडायला निघाली होती!"

"तेव्हाच सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं?" आता त्या बाईचा सगळा संताप एकदम वर आला. "माझी आई आम्हाला घेऊन इस्राएलला गेली होती. मी लहान होते. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं, तर तिथल्या धर्मगुरूंच्या ऑफिसात म्हणाले, तुम्ही मुंबईचे, तुम्ही खरे यहुदी कशावरून? आईची आई कोण, तिची आई कोण, पुरावा आणा. माझी आई त्या ऑफिसच्या पायरीवर बसून रडली आणि आम्ही मुंबईला परत आलो. त्या लोकांना मी जन्मभर शिव्या दिल्या. आणि ओवेन माझ्या दारात आला तेव्हा मी काय विचारलं? तुझी आई कोण!"

कपाटातल्या बश्या किणकिणल्या. ट्राम गेली.

"मग त्या नोराने माझा हात धरून बोटं ओठांना लावली. तेव्हा कळलं, आईच्या आईच्या आईपर्यंत बायकांकडूनच आलंय हे सगळं. म्हणजे पोरगा माझ्याच हिशेबाने आपला. मागितलेला पुरावा माझ्या गळ्यात लटकत होता." त्या खाली बसल्या. "आता हो म्हटलं असतं तर कशामुळे? मण्यांमुळे. शिराने जन्मभर म्हटलं असतं, ममाने आधी पुरावा तपासला, मग माझा नवरा पास केला. आणि नाही म्हणवत नव्हतं. म्हणून फोन उचलत नव्हते."

शिरा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. तिने आईचा हात हातात घेतला, सोडला आणि आपली बोटं ओठांना लावली.

६

शुक्रवारी दुपारी साउथहॅम्प्टनला बेलाताईंनी ती वस्तू स्वतः नोराबाईंच्या हातात ठेवली. नव्या, मजबूत काळ्या दोऱ्यात ओवून आणली होती. चोरी केली, माफ करा, असंही त्या सरळ म्हणाल्या. ओवेनने चहा केला. हिलेलमामांनी सोनं खरं असल्याचा निर्वाळा दिला. तो कोणी मागितला नव्हता.

धम्मशीलाने सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा नोराबाईंनी ते पुन्हा डबीतल्या निळ्या मखमलीवर ठेवलं. स्कॉटलंड हातचं गेलं याचं त्यांना फारसं वाटलं नसावं. त्यांना वेगळंच खटकत होतं.

"म्हणजे ती विधवा नव्हतीच?"

"छातीठोकपणे नाही सांगता येणार," धम्मशीला म्हणाली. "पण विधवेचं हे उतरवतात, नाहीतर तोडतात. रिबेकाचं परदेशात तुटलं, तेव्हा तिने जो दोरा मिळाला त्यात पुन्हा ओवलं. एकट्या बाईला तान्ह्या पोरीसह त्या वसाहतीत कोणी उभं केलं नसतं, विधवेला केलं असतं. तोंडाने ती विधवा म्हणाली. गळ्याने नाही."

"मग तो कुठे होता? तिने त्याला सोडलं, की त्याने तिला?"

"ते मला कधीच सापडणार नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच धम्मशीला खुर्चीवर नीट टेकून बसली होती. एका बाईचं कूळ तिने शोधलं होतं, आणि त्या कुळावरून कोणालाही आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ठरलं नव्हतं. दादांना हे सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं.

"आणि आम्ही मूर्खासारख्या हे प्रेतयात्रांना घालत आलो," नोराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बेला, तुम्ही लग्नाला याल ना आता? आता तर ओवेन…"

"मी येणार," बेलाताईंनी त्यांना मध्येच तोडलं. "पण या मण्यांचा त्याच्याशी संबंध नाही. याने माझी लेक रडताना पाहून मला फोनवर खडसावलं, 'आँटी, प्लीज, तिच्याशी बोला.' म्हणून येणार. मण्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या घरातलं आहे."

नोराबाईंनी डबीतून ते उचललं आणि शिरापुढे धरलं. शिराने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि आईकडे वळली.

"ममा," ती चाचरत म्हणाली, "हे… हे माझं झालं? तू घालशील ते मला?"

बेलाताईंनी सवयीने तोंड उघडलं. पण सुधारण्यासारखं काही नव्हतं.